मामाजींचं नाटक टीव्हीवर कसं लावायचं?

सिंदेवाही तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग देतो.

"आमच्या गावात मंडईला, म्हणजे जत्रेला, गावचीच मंडळी नाटक बसवायची. २००८ च्या मंडईत माझ्या मामाजींनी खलनायकाचं काम केलं होतं. एका शूटिंगवाल्यानं ते कॅमेऱ्यात घेऊन तीन डीव्हीडी करून दिल्या. डीव्हीडी प्लेअर केव्हाचाच बिघडला. मामाजी आता ७४ वर्षांचे झाले. दिवाळीत सगळे घरी जमतात, तेव्हा टीव्हीवर नाटक लावावं म्हणून खटपट चालू आहे. मुलाच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. त्यात एक फ्री कन्व्हर्टर टाकला, डीव्हीडीतले एकेक जीबीचे तुकडे वेगवेगळे एमपी४ केले आणि मग जोडले. तर चित्राच्या मधोमध कन्व्हर्टरचं नाव येतं. सुरुवातीला ठीक वाटतं, पण पुढे पुढे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. मामाजी बुटके आणि फुगल्यासारखे दिसतात. कोणी हात हलवला की आडव्या रेघा येतात. दोनदा कन्व्हर्ट होताना लाइन गेली, त्या फायली उघडतच नाहीत. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असून फाईल फार मोठी आहे म्हणतो. तिसरी डीव्हीडी तर मध्येच अडकते. तालुक्याचा दुकानदार म्हणतो आणून द्या, चार दिवसांत करून देतो. पण डीव्हीडी हातच्या सोडायला मन होत नाही. काय करू?"

ताई, डीव्हीडी हातच्या सोडल्या नाहीत हे फार चांगलं केलंत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या व्यावसायिक नाटक कंपन्यांचं नाव तरी पोस्टरवर राहतं, पेपरात येतं. गावानं स्वतः बसवलेल्या नाटकाचं मात्र असं काहीच उरत नाही. रात्री दहाला पडदा उघडायचा, कोंबडं आरवेपर्यंत नाटक चालायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळे धानाच्या कापणीला. त्या रात्रीचा पुरावा म्हणून तुमच्याकडे या तीन चकत्या आहेत. त्यामुळे त्या जपायच्या हे पहिलं काम, आणि कन्व्हर्ट करणं त्याच्या नंतरचं. तुमच्या यादीतल्या तक्रारींपैकी बऱ्याचशा याच क्रमाची उलटापालट झाल्यामुळे आल्या आहेत.

तेव्हा आत्तापर्यंत तयार केलेल्या एमपी४ फायली बाजूला ठेवा. त्या दुरुस्त करत बसू नका. व्हिडिओ प्रत्येक वेळी नव्यानं दाबला, म्हणजे फाईल लहान करायला आवळला, की त्यातला थोडा तपशील कायमचा जातो. बिघडलेल्या एमपी४ वरून दुसरी एमपी४ केली तर दोन वेळचं नुकसान एकत्र येतं, आणि मधोमध आलेलं ते नाव काही पुसलं जात नाही. मुळापासून, म्हणजे डीव्हीडीपासून, एकदाच आणि नीट करायचं.

घरी बर्न केलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती रंगद्रव्याच्या पातळ थरावर. ऊन, उष्णता आणि दमट हवेनं तो थर खराब होत जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लगेच मागून पावसाळा येतो. अशा हवेत एवढी वर्षं त्या चकत्या टिकल्या हेच विशेष. म्हणून आज संध्याकाळी लाइन असेल तर एवढंच करा: पहिली डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये घाला, उघडा, आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. 'नाटक १' नावाचं एक फोल्डर करून त्यात ठेवा. मग दुसरी डीव्हीडी 'नाटक २' मध्ये. एका साध्या डीव्हीडीत जास्तीत जास्त ४.७ जीबी मावतं, म्हणजे तिन्ही मिळून १४-१५ जीबी जागा लागेल, आणि नव्या फायलींसाठी साधारण तेवढीच मोकळी हवी. जागा नसेल तर आधी ती करून घ्या. डिस्क गच्च भरली की कन्व्हर्टर अर्ध्यावर थांबतो आणि का थांबला ते धड सांगतही नाही.

आता आवाजाचं, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची खूण तीच आहे. आवाज मागे पडणं तीन तऱ्हांचं असतं. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर तो नुसता सरकलेला असतो. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये नाटक चालू असताना 'जे' हे बटण दाबत गेलं की आवाज थोडा थोडा अलीकडे येतो, 'के' दाबलं की पलीकडे जातो. अशा वेळी पुन्हा कन्व्हर्ट करायची गरजही नसते. एखाद्या ठिकाणी एकदम फरक पडला तर बहुधा तिथे चकती खराब आहे, आणि वाचता न आलेल्या भागात चित्र आणि आवाज सारखे गळालेले नाहीत. तिसरी तऱ्हा तुमची: सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे वाढत जाणारा फरक.

तो का वाढतो? डीव्हीडीवर नाटक सलगच असतं. पण तिच्या नियमानुसार एका फाईलचा आकार १ जीबीच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून ते जिथे आकडा भरेल तिथे कापलेलं असतं. अंक संपला की नाही, वाक्य पुरं झालं की नाही, हे कापणारा बघत नाही. डीव्हीडीच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण, आणि पुढच्या काही फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच. आपल्याकडच्या 'पाल' या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, आणि त्यात असा गट १५ फ्रेमपर्यंतचा असतो. तुकडा गटाच्या मध्ये सुरू झाला तर पूर्ण फ्रेम येईपर्यंतचं चित्र कन्व्हर्टर टाकून देतो, आवाज मात्र लगेच सुरू करतो. म्हणजे चित्र आवाजापेक्षा थोडं पुढे निघून जातं, कधी अर्ध्या सेकंदापर्यंत. तुम्ही असे तुकडे एकापुढे एक जोडले, आणि प्रत्येक सांध्याला थोडा थोडा फरक साठत गेला. शेवटच्या अंकात मामाजींनी तलवार टाकली की आवाज सावकाश मागून येणार, त्याचं कारण हे.

म्हणून तुकड्यांना हातच लावायचा नाही. 'हँडब्रेक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. गूगलवर वर वर येणाऱ्या जाहिरातीतलं डाउनलोडचं बटण दाबू नका, तुमचा आधीचा कन्व्हर्टर बहुतेक तिथूनच आला असावा. हँडब्रेक पैसे मागत नाही, चित्रावर नाव टाकत नाही. विंडोज १० वर चालतं, फक्त ६४ बिटचं विंडोज हवं. पहिल्यांदा उघडताना मायक्रोसॉफ्टचं 'डॉट नेट' मागेल, ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून टाका. मग 'ओपन सोर्स' मधून फोल्डर निवडताना 'नाटक १' मधलं व्हिडिओ टीएस हे अख्खं फोल्डर द्या. हँडब्रेक आतले सगळे तुकडे सलग धरतं आणि 'टायटल' म्हणून दाखवतं. सगळ्यात लांब टायटल म्हणजे तुमचं नाटक. एखादं अर्ध्या मिनिटाचं टायटल दिसलं तर ते बहुधा सुरुवातीचं, शूटिंगवाल्याच्या नावाचं असेल.

प्रीसेटच्या, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंगच्या, यादीत 'फास्ट ५७६पी२५' निवडा. ५७६ म्हणजे डीव्हीडीच्या चित्रातल्या आडव्या ओळी आणि २५ म्हणजे सेकंदाच्या फ्रेम. १०८० किंवा ४के निवडायचा मोह होईल, मुलगाही म्हणेल. ऐकू नका. जे तपशील कॅमेऱ्यानं २००८ मध्ये घेतलेच नाहीत ते आता येणार नाहीत, नुसती फाईल फुगेल आणि तुमचा जुना कॉम्प्युटर रात्रभर तापेल. व्हिडिओच्या पानावर एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, एच.२६४ असू द्या. एच.२६५ मध्ये फाईल लहान होते हे खरं, पण जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' आणि त्याखाली 'कॉन्स्टंट'. क्वालिटीचा आकडा २० ठेवा. इथे आकडा कमी केला की दर्जा वाढतो आणि फाईलही वाढते, हे उलट आहे ते लक्षात असू द्या.

मामाजी बुटके दिसतात त्याचं कारण आधी टीव्हीच्या रिमोटमध्ये शोधा. बऱ्याच घरांत टीव्ही 'फुल' किंवा 'स्ट्रेच' वर असतो आणि जुनं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं जातं. ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलं की माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो. रिमोटवरून ते बदलून बघा. तरीही फुगलेलेच दिसले तर आधीच्या कन्व्हर्टरनंच ताणलंय. हँडब्रेकमध्ये 'डायमेन्शन्स' च्या पानावर 'ॲनामॉर्फिक' समोर 'नन' करा, म्हणजे टीव्हीला अंदाज करायला काही उरत नाही. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या येऊ द्या, मामाजी अंगाकाठीनं जसे आहेत तसे दिसणं महत्त्वाचं.

त्याच पानावर 'क्रॉपिंग' आहे, तिथेही 'नन' करा. हे कुणी सांगत नाही, पण नाटकाच्या शूटिंगला फार लागतं. हँडब्रेक व्हिडिओतल्या काही फ्रेम बघून कडेचा काळा भाग कापून टाकतं. स्टेजवर मध्ये उजेड आणि कडेला अंधार असेल तर त्याला ती काळी पट्टी वाटू शकते. मग विंगेतून येणारं पात्र अर्धं कापलं जातं.

हात हलवल्यावर येणाऱ्या रेघांचं सोपं आहे. त्या काळचे कॅमेरे एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळी दोन वेगवेगळ्या क्षणी टिपायचे. जुन्या डबा टीव्हीवर ते कळत नसे, आताच्या पडद्यावर दिसतं. 'फिल्टर्स' मध्ये 'डीइंटरलेस' बंद नाही ना एवढं बघा. या प्रीसेटमध्ये ते बहुधा लागलेलंच असतं.

आता थांबा, लगेच सगळं नाटक कन्व्हर्टला लावू नका. 'रेंज' मध्ये 'सेकंड्स' निवडून दोन मिनिटांचा तुकडा करा. तो नाटकाच्या शेवटाकडचा घ्या, सुरुवातीचा नको, कारण तुमची अडचण पुढेच दिसते. ढोलकीवर थाप पडते, किंवा कुणी कुणाच्या थोबाडीत देतो, अशी जागा शोधा. हात लागतो तो क्षण आणि आवाजाचा क्षण जुळला की समजायचं आवाज जागेवर आहे. हा तुकडा पेनड्राइव्हवर घालून तुमच्याच टीव्हीवर लावा. कॉम्प्युटरवर चाललं म्हणजे टीव्हीवर चालेल असं नसतं. चेहरा, आवाज, रेघा, सगळं त्या दोन मिनिटांत तपासा, आणि मगच पूर्ण नाटकाला हात घाला.

लाइन गेली की फाईल का उघडत नाही, तेही सांगतो. एमपी४ फाईलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची एक सूची असते आणि ती कन्व्हर्ट संपताना, अगदी शेवटी लिहिली जाते. चार तासांचं काम तीन तास पन्नास मिनिटांनी तुटलं तर चित्र आणि आवाज डिस्कवर असूनही सूची नसल्यानं प्लेअरला काही सापडत नाही. त्या दोन फायली आता सोडून द्या, मूळ तुमच्याकडे आहे. पुढच्यासाठी हँडब्रेकमध्ये फॉरमॅट 'एमकेव्ही' ठेवा. एमकेव्ही मध्येच तुटली तरी तोवरचा भाग बहुधा चालतो. आजकालचे पुष्कळ टीव्ही एमकेव्ही सरळ लावतात. नाहीच लावली तर 'एव्हीडेमक्स' हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हींपुढे 'कॉपी' ठेवून बाहेरचा फॉरमॅट एमपी४ करायचा. आतलं चित्र-आवाज तेच राहतं, फक्त बाहेरचं पाकीट बदलतं. काम काही मिनिटांत होतं आणि दर्जा तसूभर घटत नाही.

शिवाय नाटक एकाच फाईलमध्ये करू नका. अंकागणिक करा, किंवा निदान डीव्हीडीगणिक. हँडब्रेकमध्ये 'ॲड टू क्यू' म्हणत सगळे भाग रांगेत लावता येतात, आणि लाइन गेलीच तर एकाच भागाचं काम वाया जातं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस मोड' चं बटण असतं का बघा. ते बंद असेल तर लाइन गेल्यावर पंखा चालू राहतो पण कॉम्प्युटर बंद पडतो, कारण बॅटरीवर जायला लागणारा तेवढासा वेळही त्याला सोसत नाही. विंडोजच्या 'पॉवर अँड स्लीप' मध्ये स्लीप 'नेव्हर' करा. आणि कॅबिनेटचा पंखा धुळीनं भरला असेल तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, ब्रशनं साफ करून घ्या. असं लांबलचक काम करताना प्रोसेसर पूर्ण ताकदीनं चालतो आणि फार तापला की कॉम्प्युटर आपणहून बंद होतो. तुमच्या दोन वेळांपैकी एखाद्या वेळी लाइन गेली नसून हेच झालं असेल, शक्य आहे. जुन्या कॉम्प्युटरला नाटकाच्या लांबीएवढा वेळ लागला तरी घाबरू नका.

पेनड्राइव्हचं उत्तर याच अंकागणिक फायलींत आहे. तो 'फॅट३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार, आणि तिथे एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. फायलींना इंग्रजी अक्षरांत, पुढे ०१, ०२ असे आकडे घालून नावं द्या. काही टीव्हींना मराठी अक्षरं दिसत नाहीत आणि आकडा नसला की अंकांचा क्रम चुकतो. पुण्या-नागपुरातल्या नातेवाइकांना एखादा प्रवेश व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबून टाकतं.

राहिली तिसरी डीव्हीडी. तिच्यावर टूथपेस्ट वगैरे लावायचे उपाय कुणी सुचवले तर करू नका. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. माहिती गोल रेषेत लिहिलेली असते, त्या दिशेनं ओरखडा पडला की सलग बराच भाग एकदम जातो. आडवा ओरखडा ड्राइव्ह पुष्कळदा सांभाळून घेतो. पुसून झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा यूएसबीच्या डीव्हीडी रायटरमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचलेली चकती दुसऱ्याला वाचता येणं नेहमीचं आहे. तरीही अडकली तर 'रोडकिल्स अनस्टॉपेबल कॉपियर' वापरा. विंडोज एका जागी अडकलं की सगळी फाईलच सोडून देतं, हे मात्र वाचता येईल तेवढं उचलतं आणि न येणारा भाग वगळतं. तास-दोन तास लागतील, लागू द्या. मात्र ड्राइव्ह कुरकुरायला लागला तर थोडं थांबून, गार होऊ देऊन पुन्हा लावा.

त्यातून आलेल्या नाटकात एखाद्या ठिकाणी चित्र फुटेल आणि तिथून पुढे आवाज सरकलेला असेल. त्याला उपाय असा, की बिघडलेल्या जागेच्या आधीचा एक भाग आणि नंतरचा एक भाग अशा दोन वेगळ्या फायली करा. प्रत्येक फाईल नव्यानं सुरू होते, त्यामुळे आधीच्या भागातला फरक पुढे जात नाही.

हे झाल्यावर दुकानदाराकडे जायची गरज पडू नये. पण तिसरी डीव्हीडी कुठल्याच ड्राइव्हला दिसली नाही तर ज्यानं शूटिंग केलं त्याला गाठा. त्या वेळच्या कॅमेऱ्यांत छोट्या मिनीडीव्ही कॅसेट असायच्या आणि काही शूटिंगवाले त्या ठेवून देत. नाटकातल्या इतर नटांच्या घरीही विचारा, तीन डीव्हीडींचा संच एकट्या तुम्हालाच दिलेला नसणार. आणि एखाद्या फाईलला अजूनही आवाज नसेल किंवा पडदा काळा असेल, तर ती व्हीएलसीत लावून 'टूल्स' मधल्या 'कोडेक इन्फॉर्मेशन' चा फोटो काढून मला पाठवा. त्यात चित्र कोणत्या पद्धतीचं आणि आवाज कोणत्या पद्धतीचा ते लिहिलेलं असतं, त्यावरून नेमकं काय अडलंय ते सांगता येईल.